टेक्स्ट एडिटर स्वतःच्या सेटिंग्जशिवाय कोरा कसा सुरू करावा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

नागपुरात नवे शैक्षणिक सत्र सुरू झाले, की अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आणि मिहानमधील कंपन्यांत नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: एडिटर काल नीट चालत होता, आज टॅब दाबला तर भलतेच काहीतरी होते, किंवा फाइल उघडायलाच अर्धा मिनिट लागतो. अशा वेळी बहुतेक जण आधी एडिटर काढून टाकतात आणि पुन्हा बसवतात. त्याने सहसा काहीच साधत नाही, कारण एडिटर काढला तरी आपली सेटिंग्ज होम फोल्डरमध्ये, म्हणजे संगणकावरील आपल्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमध्ये, जशीच्या तशी राहतात आणि नव्याने बसवलेला एडिटर ती पुन्हा मुकाट्याने वाचतो.

यावर योग्य उपाय म्हणजे एडिटर एकदा कोरा सुरू करून पाहणे. कोरा म्हणजे आपण लिहिलेली सेटिंग्ज, आपण बसवलेली प्लगिन (एडिटरला जास्तीच्या सोयी जोडणारी छोटी प्रोग्रॅम) आणि जमल्यास संगणकाच्या व्यवस्थापकाने सर्वांसाठी घातलेली सेटिंग्ज, यांपैकी काहीही न वाचता सुरू केलेला. दोष आपल्या जोडण्यांत आहे की मूळ एडिटरमध्ये, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते. कोरी सुरुवात दुरुस्ती करत नाही. ती फक्त शोधाची दिशा ठरवते. म्हणून या लेखात सेटिंग्जची कोणतीही फाइल पुसून टाकायला सांगितलेले नाही. जे काही करायचे ते सेटिंग्ज जागच्या जागी ठेवून करायचे आहे.

लिपीबद्दल एक सूचना. खालील सर्व आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत. जोडरेषा एक आहे की दोन, आणि अक्षर मोठ्या लिपीतील (कॅपिटल) आहे की लहान, याकडे बारकाईने लक्ष द्यावे. इमॅक्स या एडिटरच्या बाबतीत तर सगळा फरक तेवढ्यावरच अवलंबून आहे. इमॅक्सशिवाय व्हिम, त्याचा नवा अवतार निओव्हिम आणि व्हीएस कोड हे एडिटर इथे मुख्यतः घेतले आहेत.

हाताशी काय असावे

- एडिटरची नेमकी आवृत्ती. बहुतेक एडिटरांत नावापुढे दोन जोडरेषा आणि "व्हर्जन" लिहिले, की ती दिसते.
- ज्या फाइलमुळे अडचण दिसते तिची प्रत. मूळ फाइल वापरू नये.
- टर्मिनल किंवा विंडोजवरील कमांड प्रॉम्प्ट. चिन्हावर दोनदा क्लिक करून एडिटर कोरा सुरू होत नाही.
- सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये.
- कागद आणि पेन. ज्या संगणकावर गोंधळ आहे त्याच संगणकावर नोंदी ठेवणे गैरसोयीचे ठरते.

१. तक्रार एका वाक्यात लिहा

"एडिटर नीट चालत नाही" ही तक्रार तपासता येत नाही. "पायथनच्या फाइलमध्ये नव्या ओळीवर गेल्यावर चारऐवजी आठ जागा सुटतात" ही तपासता येते. कोरा एडिटर उघडल्यावर त्याचे रूपच इतके बदललेले असते, रंग वेगळे, अक्षर वेगळे, मेनू वेगळा, की आपण नेमके काय पाहायला आलो होतो याचा विसर पडतो. त्यामुळे कोणती फाइल उघडायची, कोणती कळ दाबायची, काय व्हायला हवे आणि प्रत्यक्षात काय होते, हे आधीच लिहून ठेवावे. कोऱ्या एडिटरमध्येही नेमक्या त्याच कृती त्याच क्रमाने करायच्या आहेत.

तक्रार वेगाची असेल तर आणखी एक पथ्य पाळावे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलरसमोर नसलेला लॅपटॉप स्वतःचा वेग आपणच कमी करतो. सकाळी कोरा एडिटर आणि दुपारी नेहमीचा एडिटर अशी तुलना केली, तर दोष सेटिंग्जचा नसून उन्हाचा निघू शकतो. दोन्ही चाचण्या लागोपाठ कराव्यात.

२. आपली सेटिंग्ज कुठे राहतात ते शोधा आणि प्रत काढा

लिनक्सवर सेटिंग्जची फाइल किंवा फोल्डर बहुधा होम फोल्डरमध्ये असतो आणि त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. टिंबाने सुरू होणारी नावे फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत. कंट्रोल आणि एच एकत्र दाबले, की बहुतेक ठिकाणी ती दिसू लागतात.

व्हिमची सेटिंग्ज ".व्हिमआरसी" या फाइलमध्ये आणि ".व्हिम" या फोल्डरमध्ये असतात, तर निओव्हिमची ".कॉन्फिग" फोल्डरातील "एनव्हिम" या उपफोल्डरमध्ये असतात. लिनक्सवर व्हीएस कोडची सेटिंग्ज ".कॉन्फिग"मधील "कोड" आणि त्यातील "यूजर" या फोल्डरात "सेटिंग्ज.जेसन" या नावाने असतात, आणि एक्स्टेन्शन (व्हीएस कोडमध्ये प्लगिनला हेच म्हणतात) मात्र ".व्हीएसकोड" या वेगळ्याच फोल्डरात असतात. विंडोजवर तीच सेटिंग्ज "ॲपडेटा"च्या आतील "रोमिंग"मध्ये सापडतात.

इमॅक्सचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे, कारण त्याची सुरुवातीची फाइल तीन-चार ठिकाणी असू शकते: होम फोल्डरमधील ".इमॅक्स", ".इमॅक्स.डी" फोल्डरातील "इनिट.ईएल", किंवा २०२० मध्ये आलेल्या २७व्या आवृत्तीपासून ".कॉन्फिग"मधील "इमॅक्स" या फोल्डरातील "इनिट.ईएल". यांतील ".इमॅक्स" ही फाइल अस्तित्वात असेल, तर इमॅक्स तीच वाचतो आणि "इनिट.ईएल"कडे ढुंकूनही पाहत नाही. कधीतरी एखाद्या व्हिडिओत पाहून केलेली दोन ओळींची ".इमॅक्स" फाइल विसरली जाते आणि पुढे "इनिट.ईएल"मध्ये कितीही बदल केले तरी काहीच फरक का पडत नाही, हे कळत नाही. ही फाइल आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. अनेकांची अडचण इथेच संपते.

सीताबर्डीच्या बाजारातून जुना लॅपटॉप घेतला असेल, किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सर्वांनी एकाच नावाने लॉगिन करायची पद्धत असेल, तर ही फोल्डर तुम्ही एकही बदल न करता आधीच भरलेली असू शकतात. आपण काही केलेच नाही, मग सेटिंग्जचा दोष कसा असेल, असे म्हणण्यापूर्वी ती उघडून पाहावीत.

३. फाइलची प्रत एका रिकाम्या फोल्डरमध्ये न्या

ही पायरी गाळण्याकडे सर्वांचा कल असतो, आणि चुकीचे निष्कर्ष सर्वाधिक इथेच निघतात. एडिटर फक्त तुमची सेटिंग्ज वाचत नाही. तो प्रकल्पाच्या फोल्डरमधील सूचनाही वाचतो. प्रकल्पात ".व्हीएसकोड" नावाचा फोल्डर असेल, तर एक्स्टेन्शन बंद केल्यावरही त्यातील सेटिंग्ज लागू होतात. इमॅक्स ".डिर-लोकल्स.ईएल" ही फाइल चालू फोल्डरात आणि त्याच्या वरच्या सर्व फोल्डरांत शोधतो, आणि कोऱ्या सुरुवातीतही शोधतो. निओव्हिम ०.९ या आवृत्तीपासून ".एडिटरकॉन्फिग" ही फाइल आपणहून मानतो. व्हिमच्या बाबतीत तर मजकुराच्या पहिल्या किंवा शेवटच्या ओळींत लिहिलेली सूचनाही पुरते.

म्हणून होम फोल्डरच्या बाहेर, लिनक्सवर "टीएमपी"मध्ये, एक नवा फोल्डर करून त्यात फक्त त्या एका फाइलची प्रत ठेवावी. प्रत वापरण्याचे आणखी एक कारण आहे. कोरा एडिटर तुमच्या प्रकल्पाचे नियम जाणत नाही. जागांऐवजी टॅब घालून त्याने फाइल जतन केली आणि ती तशीच तुमच्या गटाच्या सामायिक कोडच्या साठ्यात गेली, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या नावावर अनेक ओळींचा निरर्थक बदल दिसेल.

४. आधीचा एडिटर पूर्ण बंद करा

खिडकी बंद केली म्हणजे एडिटर बंद झाला असे नाही. इमॅक्स पार्श्वभूमीवर सेवक म्हणून चालू ठेवण्याची सोय आहे, आणि अनेकांच्या शेलमध्ये (टर्मिनलमधील आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) "इमॅक्स" हा शब्द टाइप केल्यावर त्या चालू सेवकालाच जोडून देणारे टोपणनाव (एलियस) लिहिलेले असते. मग तुम्ही कितीही कोरी आज्ञा दिली, तरी समोर येतो तो जुना, सर्व सेटिंग्ज वाचून बसलेला एडिटर. टर्मिनलमध्ये "टाइप" हा शब्द, एक जागा आणि एडिटरचे नाव लिहिले, की ते टोपणनाव आहे का हे कळते. असेल तर नावापूर्वी उलटी तिरकी रेघ घालावी. त्याने टोपणनाव टळते.

व्हीएस कोडच्याही सर्व खिडक्या बंद करूनच पुढे जावे.

५. कोरी सुरुवात करा

इमॅक्स

इथे दोन पर्याय आहेत आणि ते एकसारखे दिसतात. "इमॅक्स", जागा, एक जोडरेषा आणि लहान लिपीतील "क्यू" अशी आज्ञा दिल्यास फक्त तुमची सुरुवातीची फाइल वगळली जाते. संगणकाच्या व्यवस्थापकाने सर्वांसाठी ठेवलेली "साइट-स्टार्ट" ही फाइल मात्र वाचली जाते. मोठ्या लिपीतील "क्यू" दिल्यास तीही वगळली जाते, स्वागताचा पडदा येत नाही आणि खिडकी-प्रणालीत नोंदवलेली रंग-अक्षरांची सेटिंग्जही दुर्लक्षिली जातात. मदत मागायची असेल, तर नेहमी मोठा क्यू वापरावा. इमॅक्स वापरणाऱ्यांत कोरा इमॅक्स याचा अर्थ तोच घेतला जातो.

तरीही लहान क्यू निरुपयोगी नाही. मोठ्या क्यूमध्ये अडचण नाहीशी होते आणि लहान क्यूमध्ये दिसते, असे झाले तर दोष तुमचा नसून सामायिक सेटिंग्जचा किंवा लिनक्सच्या वितरणाने बसवलेल्या एखाद्या पॅकेजचा आहे. डेबियन आणि उबुंटूवर ही शक्यता खरोखरच असते. प्रयोगशाळेतील संगणकांवर मी आधी मोठा, मग लहान असा क्रम सुचवतो.

अडचण सुरुवातीलाच येत असेल, म्हणजे इमॅक्स उघडताच चूक झाल्याचा संदेश दाखवत असेल, तर कोऱ्या सुरुवातीपेक्षा "--डीबग-इनिट" हा पर्याय अधिक उपयोगी आहे. त्यात तुमची फाइल वाचली जाते, पण चूक जिथे होते तिथे इमॅक्स थांबतो आणि चूक कोणत्या आज्ञेपाशी झाली ते दाखवतो.

२०२३ मध्ये आलेल्या २९व्या आवृत्तीपासून "--इनिट-डिरेक्टरी" या पर्यायाने सेटिंग्जचा वेगळाच फोल्डर दाखवून देता येतो. रिकामा फोल्डर दिला, की नुकताच इमॅक्स बसवलेल्या माणसाला जे दिसेल ते दिसते. मोठा क्यू आणि रिकामा फोल्डर या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या प्रकारात सामायिक सेटिंग्ज वाचली जातात.

क्यूने सुरू केलेल्या इमॅक्समध्ये पर्यायांच्या मेनूतून काही बदलून जतन करू पाहिले, तर इमॅक्स नकार देतो, कारण तसे केल्यास तुमची मूळ सेटिंग्ज पुसली जातील. हा दोष नाही. तुमच्या भल्यासाठी ठेवलेली ती अडसर आहे.

व्हिम आणि निओव्हिम

"व्हिम", जागा, दोन जोडरेषा आणि "क्लीन" ही आज्ञा बहुतेकांना पुरेशी आहे. तिच्यात तुमची आणि संगणकभर लागू असलेली अशी दोन्ही सेटिंग्ज वगळली जातात, मागच्या वापराचा इतिहास वाचला जात नाही, आणि तरीही व्हिमने स्वतः ठरवलेली मूलभूत सेटिंग्ज चालू राहतात. निओव्हिममध्येही हाच पर्याय आहे.

जुन्या लेखांत याऐवजी "-यू नन" असा सल्ला दिलेला असतो, ज्यात यू लहान आणि नन हा शब्द मोठ्या लिपीत असतो. तो चुकीचा नाही, पण नवख्यांनी तो टाळावा. त्याने व्हिम जुन्या व्हीआय एडिटरशी सुसंगत अशा अवस्थेत जातो, बॅकस्पेस हवे तसे चालत नाही आणि मजकूर लिहिताना बाणांच्या कळा दाबल्या, की पडद्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरे उमटू लागतात. मूळ अडचण बाजूला राहते आणि विद्यार्थी या नव्या अडचणीमागे लागतो. तो पर्याय वापरायचाच असेल, तर सोबत "-एन" मोठ्या लिपीत द्यावे. मग जुनी अवस्था टळते. बाणांच्या कळांचा हाच अनुभव नव्या उबुंटूवर काहीही न बदलता येत असेल, तर तिथे व्हिमची छोटी आवृत्ती बसलेली आहे आणि पूर्ण व्हिम बसवला, की प्रश्न मिटतो.

वीज गेल्यामुळे संगणक मध्येच बंद पडला असेल, तर पुन्हा तीच फाइल उघडताना व्हिम स्वॅप फाइल (जतन न केलेल्या कामाची तात्पुरती नोंद) सापडल्याचा लांबलचक संदेश दाखवतो. कोऱ्या सुरुवातीतही तो दिसू शकतो. त्याचा सेटिंग्जशी संबंध नाही. घाईने डिलीटचा पर्याय निवडू नये. आधी रिकव्हर निवडून न जतन केलेला मजकूर परत मिळतो का ते पाहावे, तो वेगळ्या नावाने जतन करावा आणि मगच स्वॅप फाइल काढावी.

व्हीएस कोड

"कोड", जागा, "--डिसेबल-एक्स्टेन्शन्स" ही आज्ञा दिल्यावर तुम्ही बसवलेली सर्व एक्स्टेन्शन तेवढ्या वेळेपुरती बंद होतात. नवख्यांची समजूत अशी असते, की एवढ्याने एडिटर कोरा झाला. तसे नाही. तुमची "सेटिंग्ज.जेसन", तुम्ही बदललेल्या कळा आणि प्रकल्पातील सेटिंग्ज तशीच लागू राहतात. शिवाय अशा खिडकीत तुम्ही एखादे सेटिंग बदलले, तर तो बदल तुमच्या खऱ्या फाइलमध्ये होतो, आणि सेटिंग्ज सिंक (अनेक संगणकांवर सेटिंग्ज सारखी ठेवण्याची सोय) चालू असेल तर घरच्या संगणकावरही पोहोचतो.

पूर्ण कोरा व्हीएस कोड हवा असेल, तर दोन रिकामी फोल्डर तयार करून "--यूजर-डेटा-डिर" आणि "--एक्स्टेन्शन्स-डिर" या दोन पर्यायांपुढे त्यांचे पत्ते द्यावेत. दोन्ही द्यावेत, पहिलाच दिला तर सेटिंग्ज कोरी होतात, पण एक्स्टेन्शन नेहमीच्या जागेवरून उचलली जातात. ज्यांना टर्मिनल नकोसे वाटते त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून आज्ञांच्या यादीतून तात्पुरते प्रोफाइल तयार करावे. कामही तेच होते आणि खिडकी बंद केल्यावर मागे काही उरत नाही.

इतर एडिटर

सब्लाइम टेक्स्टच्या चौथ्या आवृत्तीत "सब्ल" या आज्ञेपुढे "--सेफ-मोड" द्यावे. नॅनोसाठी "--इग्नोअरआरसीफाइल्स" हा पर्याय आहे. नोटपॅड प्लस प्लस "-नोप्लगिन" या पर्यायाने प्लगिनशिवाय उघडतो. तिथे एकच जोडरेषा आहे आणि प्लगिनमधील पी मोठ्या लिपीतील आहे.

६. तो खरोखर कोरा आहे का, हे तपासा

रंग बदललेले दिसले म्हणजे एडिटर कोरा झाला, असे मानू नये. इमॅक्समध्ये आल्ट दाबून कोलन दाबावा, "यूजर-इनिट-फाइल" असे लिहावे आणि एंटर द्यावा. उत्तर "निल" आले पाहिजे. एखाद्या फाइलचा पत्ता आला, तर कोरी सुरुवात झालेली नाही. व्हिममध्ये कोलनपुढे "स्क्रिप्टनेम्स" लिहिले, की वाचल्या गेलेल्या सर्व फाइलींची यादी येते. तिच्यात तुमच्या होम फोल्डरमधील एकही पत्ता नसावा. एक्स्टेन्शन बंद करून उघडलेला व्हीएस कोड तशी सूचना स्वतःच कोपऱ्यात दाखवतो.

७. निकालाचा अर्थ लावा

कोऱ्या एडिटरमध्ये अडचण नाहीशी झाली, तर दोष तुमच्या जोडण्यांत आहे. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

अडचण तशीच राहिली, तर लगेच मूळ एडिटरला दोष देऊ नये. आधी फाइलकडेच पाहावे. एकाच ओळीत लाखो अक्षरे असलेली जेसन फाइल अनेक एडिटरांना जड जाते, सेटिंग्ज असोत वा नसोत. दुसरी साधी फाइल उघडून तीच कृती करावी. त्यानंतर एडिटरच्या बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात: कळफलकाची मांडणी, टर्मिनल, खिडकी-प्रणालीने आधीच अडवून धरलेल्या कळा. हे सर्व नीट असूनही अडचण दिसत असेल, तर मात्र तुम्हाला खरा दोष सापडलेला असू शकतो.

अडचण गेली, पण तिच्या जागी दुसरीच आली, हा निकालही वारंवार येतो. अशा वेळी पहिल्या पायरीवर लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे. नवी अडचण त्या वाक्यात नसेल, तर ती तूर्त सोडून द्यावी.

८. अर्धी-अर्धी करून दोषी ओळ शोधा

तीनशे ओळींची सेटिंग्ज वरपासून एकेक वाचत बसणे व्यर्थ आहे. अर्धी सेटिंग्ज बंद करावीत, तपासावे. अडचण राहिली तर दोष उरलेल्या अर्ध्यात आहे, गेली तर बंद केलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. बत्तीस एक्स्टेन्शन असतील, तर पाच फेऱ्यांत एकावर येता येते.

व्हीएस कोडमध्ये हे काम एडिटरच करून देतो. आज्ञांच्या यादीत "स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट" ही आज्ञा शोधावी. तो अर्धी एक्स्टेन्शन बंद करतो, अडचण आहे का ते विचारतो आणि तुमच्या उत्तरावरून पुढे जातो. खोटे वाटेल, पण लोक इथे घाईघाईने, प्रत्यक्ष न तपासता उत्तर देतात आणि भलतेच एक्स्टेन्शन काढून टाकतात.

व्हिममध्ये सेटिंग्जच्या फाइलची प्रत काढावी, तिच्या मध्यावर "फिनिश" एवढाच शब्द असलेली ओळ घालावी आणि "-यू" पुढे त्या प्रतीचा पत्ता देऊन व्हिम सुरू करावा. त्या ओळीच्या खालचे काहीही वाचले जात नाही. ओळ वर-खाली सरकवत गेले, की दोष सापडतो. मात्र अशा सुरुवातीतही प्लगिन वाचली जातात, म्हणून पहिली फेरी "--नोप्लगिन" जोडून करावी. एखादा पर्याय कोणी बदलला एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर नेहमीच्या व्हिममध्येच कोलनपुढे "व्हर्बोज सेट", मग पर्यायाचे नाव आणि शेवटी प्रश्नचिन्ह लिहावे; तो शेवटचा कोणत्या फाइलमध्ये बदलला गेला, हे लगेच दिसते. या एका आज्ञेने पुष्कळदा बाकीची खटपट वाचते.

इमॅक्समध्ये मोठ्या क्यूनंतर "-एल" हा पर्याय आणि त्यापुढे अर्ध्या फाइलचा पत्ता द्यावा. फाइल कापताना कंस अर्धवट राहणार नाहीत, याची काळजी घ्यावी. कंस तुटला, तर इमॅक्स फाइल अर्धवट संपल्याची तक्रार करतो आणि तीच मूळ अडचण आहे असा समज होतो.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. दोष एकाच ओळीत असेल तेव्हाच ती सरळ उत्तर देते. दोन प्लगिन एकमेकांशी भांडत असतील, तर पहिला अर्धा भाग एकटा ठीक चालतो आणि दुसराही ठीक चालतो. असे झाले, तर एक अर्धा भाग पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचे भाग करत जावे.

९. मराठी मजकूर लिहिणाऱ्यांसाठी

मराठीत टिपणे, कथा किंवा संकेतस्थळांचा मजकूर लिहिणाऱ्यांना कोऱ्या सुरुवातीत काही गोष्टी वेगळ्या दिसतात, आणि त्या समजून घेतल्या नाहीत तर घबराट होते.

शहरातील जुन्या छापखान्यांतून किंवा कार्यालयांतून आलेल्या फाइली अनेकदा शिवाजी, कृतीदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत असतात. त्या फाइलींत खरे देवनागरी अक्षर नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवणारा फॉन्ट तेवढा नेमलेला असतो. कोऱ्या एडिटरमध्ये ती नेमणूक गेल्यामुळे सगळा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. फाइल खराब झालेली नाही. तिला हात न लावता एडिटर बंद करावा.

जोडाक्षरे तुटलेली दिसत असतील किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला पडत असेल आणि तुम्ही टर्मिनलमध्ये व्हिम, नॅनो किंवा इमॅक्स वापरत असाल, तर तो दोष बहुधा टर्मिनलचा आहे, कारण अक्षरे जोडून दाखवण्याचे काम तिथे टर्मिनल करतो. कोरी सुरुवात केली तरी काही बदलणार नाही. तीच फाइल स्वतंत्र खिडकीत चालणाऱ्या एडिटरमध्ये उघडून पाहावी. दूरच्या सर्व्हरवर मराठी अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसत असतील, तर त्या सर्व्हरवरील भाषेची मांडणी तपासावी. व्हिम अक्षरसंच तिच्यावरूनच ठरवतो.

कळफलकाचेही असेच आहे. इनस्क्रिप्ट मांडणी तुम्ही लिनक्सच्या किंवा विंडोजच्या सेटिंग्जमधून निवडली असेल, तर ती कोऱ्या एडिटरमध्ये चालू राहील. इमॅक्सची स्वतःची देवनागरी मांडणी मात्र सुरुवातीच्या फाइलमधून निवडलेली असते. ती कोऱ्या इमॅक्समध्ये बंद दिसेल. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून "देवनागरी-इनस्क्रिप्ट" असे नाव दिले, की ती तेवढ्यापुरती परत मिळते.

१०. मदत मागताना काय द्यावे

महाविद्यालयातील वरिष्ठ, कार्यालयातील सहकारी किंवा एडिटरचे विकासक, कोणालाही विचारताना पुढील माहिती पहिल्याच संदेशात द्यावी: कार्यप्रणाली आणि तिची आवृत्ती, एडिटरची आवृत्ती, कोरी सुरुवात कोणत्या आज्ञेने केली ती जशीच्या तशी, त्यानंतर दाबलेल्या कळा क्रमाने, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष परिणाम. पडद्याचे मोबाइलवर काढलेले तिरके छायाचित्र पाठवू नये. संदेश मजकूर म्हणून नक्कल करून पाठवावा, म्हणजे समोरच्याला तो शोधता येतो. कोऱ्या इमॅक्समध्येही दोष दिसत असेल, तर आल्ट आणि एक्स दाबून "रिपोर्ट-इमॅक्स-बग" ही आज्ञा द्यावी. आवृत्तीची बरीच माहिती ती आपणहून भरते.

आपली संपूर्ण सेटिंग्जची फाइल पाठवण्यापूर्वी ती एकदा वाचून काढावी. व्हीएस कोडच्या "सेटिंग्ज.जेसन"मध्ये सर्व्हरचे पत्ते, वापरकर्त्याची नावे, कधीकधी सेवांच्या गुप्त किल्ल्याही लिहिलेल्या असतात, आणि कंपनीच्या संगणकावरील अशी फाइल बाहेर गेली, तर प्रकरण एडिटरपुरते राहत नाही. आठव्या पायरीनंतर उरलेल्या दोन-तीन ओळी पाठवणे पुरेसे असते.

काम संपल्यावर तात्पुरती फोल्डर काढून टाकावीत आणि कोऱ्या इमॅक्सने प्रतीशेजारी केलेली, नावाच्या शेवटी लाटेचे चिन्ह असलेली फाइलही पुसावी. त्यानंतर एडिटर नेहमीच्या पद्धतीने सुरू करून सेटिंग्ज जागेवर आहेत, याची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्या पायरीवर काढलेली प्रत आणखी आठवडाभर तरी जपून ठेवावी.